'पॅरागॉन' म्हणजे नेमकं काय? शब्दाच्या मुळाशी असलेला कसोटीचा दगड

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त होत आहेत आणि त्यांना इंग्रजीतून मानपत्र द्यायचं आहे. मसुद्यात एकाने 'शी इज अ पॅरागॉन ऑफ डिसिप्लिन' असं लिहिलं, दुसऱ्याने 'द मोस्ट पॅरागॉन टीचर' असं सुचवलं. पॅरागॉन म्हणजे 'सर्वोत्कृष्ट'च ना, मग दोन्हींत फरक काय? आणि हा शब्द मुळात आला कुठून?

पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं चूक. आजच्या इंग्रजीत पॅरागॉन हे नाम आहे, विशेषण नाही, त्यामुळे त्याच्यामागे 'मोस्ट' लावता येत नाही. पण एवढ्यावर थांबलो तर प्रश्नाचा महत्त्वाचा भाग राहून जाईल. 'सर्वोत्कृष्ट' हा त्याचा अर्थ कोशात सापडतो, तरी तो पुरेसा नाही. मी इंग्रजी-मराठी भाषांतराचं आणि कोशाचं काम बरीच वर्षं करतो आहे, आणि एवढ्या छोट्या शब्दामागे एवढी मोठी कथा असल्याची उदाहरणं फार थोडी पाहिली आहेत.

पॅरागॉन म्हणजे शर्यतीत पहिला आलेला नव्हे. ज्याच्याशी ताडून बाकीच्यांची पारख करावी, तो पॅरागॉन. पहिला क्रमांक पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाकडे जाऊ शकतो. पॅरागॉन या स्पर्धेत नसतोच, तो मोजमापाच्या बाजूला उभा असतो. हा अर्थ शब्दाच्या जन्मातच आहे, म्हणून आधी तिकडे जाऊ.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या मध्यावर फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये तो इटालियनमधून आला होता. इटालियन 'पारागोने' म्हणजे तुलना, आणि त्याआधीचा अर्थ सोनं पारखायचा दगड, म्हणजे आपली कसोटी. 'पारागोनारे' हे क्रियापद म्हणजे कसोटीवर घासून पाहणं. त्याच्याही मागे ग्रीक 'पाराकोनान' आहे, म्हणजे धार लावणं. त्यात 'पारा' म्हणजे लगत, बाजूला, आणि 'अकोने' म्हणजे धार लावायचा दगड, आपला निसणा. निसण्यापासून कसोटीपर्यंतचा रस्ता फार लांबचा नाही. दोन्हीकडे धातू दगडावर घासायचा असतो. एकीकडे धातूला धार येते, दुसरीकडे धातूचं खरं रूप दगडावर उमटतं.

जुन्या काही इंग्रजी कोशांत वेगळी व्युत्पत्ती दिसेल. स्पॅनिशमधल्या 'पारा' आणि 'कोन' या दोन शब्दयोगींची जोडी, 'च्या तुलनेत' या अर्थाची, तिथे मूळ म्हणून दिलेली असते. ऐकायला ती पटते, पण आता ती मागे पडली आहे. आणखी एक गैरसमज विद्यार्थ्यांत वारंवार दिसतो. 'पॉलिगॉन', 'पेंटॅगॉन' यांच्या सवयीने पॅरागॉनमधल्या 'गॉन'चा अर्थ कोन असा लावतात. कोनाशी त्या तुकड्याचा काही संबंध नाही. ग्रीक शब्दातला 'क' इटालियनमध्ये येताना 'ग' झाला, एवढंच. गोल्फमधला 'पार' हाही वेगळाच, तो लॅटिनमधला 'समान' या अर्थाचा शब्द.

'अकोने'च्या मुळाशी जो धातू मानला जातो, त्याचा अर्थ टोकदार किंवा धारदार असणं. इंग्रजीतले 'अ‍ॅसिड', 'अ‍ॅक्यूट', 'अ‍ॅक्मे' हे त्याच घरातले. संस्कृतात त्याच घरातला 'अश्रि' आहे, म्हणजे कड किंवा कोपरा. त्यावरून 'चतुरश्र', आणि त्यावरून आपला रोजचा 'चौरस'. पॅरागॉनचा शेवटचा तुकडा आणि चौरसचा शेवटचा तुकडा असे लांबचे भाऊबंद लागतात.

आता त्या दगडाकडे जरा नीट पाहू, कारण अर्थाची सगळी गंमत तिथे आहे. जुन्या सराफी पेढीवर कसोटी पाहिली असेल तर आठवेल: काळाभोर, बारीक कणांचा, हाताला गुळगुळीत लागणारा दगड. सराफ दागिना त्याच्यावर दाबून ओढतो, सोनेरी रेघ उमटते. पण ती एकटी रेघ फारसं काही सांगत नाही. तिच्या शेजारी तो दुसरी रेघ ओढतो, ज्याचा कस आधीच ठाऊक आहे अशा सोन्याची. मग दोन्ही रेघा उजेडात धरून रंग ताडतो. नंतर रेघांवर तेजाबाचा थेंब पडतो. रेघ पितळेची असेल तर ती फसफसून हिरवट होते आणि पुसली जाते, हिणकस सोन्याची फिकी पडते, चोख सोन्याची जशीच्या तशी राहते. आता यंत्रं आली, 2021च्या जूनपासून आपल्याकडे हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि बावीस कॅरेटच्या दागिन्यावर 916 हा आकडा ग्राहक स्वतः वाचतो. तरी शेजारी शेजारी ओढलेल्या त्या दोन रेघा डोळ्यांसमोर असल्याशिवाय पॅरागॉन हा शब्द पूर्ण कळत नाही. खात्रीच्या सोन्याची जी रेघ, तिच्याशी बाकीच्या रेघा ताडायच्या. दगडाचं नाव पुढे तुलनेला मिळालं आणि तुलनेचं नाव ज्याच्याशी तुलना करायची त्याला मिळालं. अर्थ सरकला तो असा.

युरोपात या दगडाला 'लिडियन दगड' असंही म्हणत. लिडिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिमेचा प्रदेश, नाण्यांच्या अगदी आरंभीच्या इतिहासाशी जोडलेला. ग्रीक लेखक थिओफ्रास्टसने दगडांवरच्या आपल्या ग्रंथात या पारखीच्या दगडाबद्दल लिहून ठेवलं आहे.

आपल्याकडचा पुरावा मला याहून जास्त जिवंत वाटतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात सुवर्णाध्यक्षाचं प्रकरण आहे. तिथे कसोटीला 'निकष' म्हटलं आहे आणि उत्तम निकष कोणता तेही सांगितलं आहे: कलिंगातला किंवा तापीतला, मुगाच्या रंगाचा दगड. तापी म्हणजे आपली खानदेशातून वाहणारी तापी. सोन्यासाठी आज जळगावला जाणाऱ्यांना हे वाचून बरं वाटेल. पुढे कृती येते. आधी पारखायचं सोनं घासायचं, मग 'वर्णिका', म्हणजे ठरलेल्या कसाचा नमुना घासायचा, आणि जागा उंचसखल नसलेली निवडायची. त्याच्या पुढचा भाग तर गुप्तहेराच्या अहवालासारखा आहे. कुणी नखात लपवलेली काव रेघेवर भुरभुरली तर ती फसवणूक समजावी, असं कौटिल्य बजावतो. दगडाचेही प्रकार तो सांगतो. ज्यावर सोन्याचा रंग खुलून दिसतो तो विकणाऱ्याच्या हिताचा, ज्यावर तो खुलत नाही तो विकत घेणाऱ्याच्या हिताचा, आणि ज्यावर रंग आहे तसाच उमटतो तो दोघांच्याही हिताचा. निकषसुद्धा पारखून घ्यावा लागतो, ही जाण तेव्हाच्या व्यवहारात इतकी पक्की होती.

त्याच निकषाची रेघ कालिदासाने आभाळात नेली. मेघदूतात यक्ष मेघाला सांगतो, की उज्जयिनीत रात्री गडद अंधारातून प्रियकराकडे निघालेल्या स्त्रियांना वाट दाखव, पण गडगडू नकोस, पाऊस पाडू नकोस, त्या घाबरतील. वाट दाखवायची कशाने? 'सौदामन्या कनकनिकषस्निग्धया', कसोटीवर उमटलेल्या सोन्याच्या रेघेसारख्या स्निग्ध विजेने. काळा ढग म्हणजे दगड आणि वीज म्हणजे रेघ. ज्याने कसोटीवरची रेघ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे, त्यालाच हे सुचेल.

मराठीत हा दगड किती खोल रुतला आहे ते पाहा. कस लागणं, कसाला उतरणं, कसोटीला उतरणं, कसदार जमीन, हिणकस, बावनकशी सोनं, आणि लेखी भाषेत 'निवडीचे निकष'. क्रिकेटच्या टेस्टला आपण 'कसोटी सामना' म्हणतो, तेही या ओळीत बसतं, आणि इथे एक सुंदर योग जुळून आला आहे. इंग्रजी 'टेस्ट' हा शब्दसुद्धा मुळात सोनंचांदी पारखणाऱ्यांचाच. लॅटिन 'टेस्टुम' म्हणजे मातीचं भांडं, आणि मध्ययुगीन युरोपात मौल्यवान धातू तापवून त्यातलं हीण वेगळं काढायचं जे लहान भांडं असे, त्याला 'टेस्ट' म्हणत. इंग्रजांनी मुशीकडून शब्द घेतला, आपण दगडाकडून.

परत पॅरागॉनकडे. इटलीत पंधराव्या-सोळाव्या शतकात 'पारागोने' हे एका गाजलेल्या वादाचं नाव म्हणून आज ओळखलं जातं: चित्रकला श्रेष्ठ की शिल्पकला? लिओनार्दो दा विंचीने चित्रकलेची बाजू हिरिरीने मांडली. फ्लॉरेन्समध्ये बेनेदेत्तो वार्कीने 1547 च्या सुमारास नामांकित कलावंतांना पत्रं पाठवून त्यांची मतं मागवली. मायकेलअँजेलोने उत्तरात लिहिलं, की शिल्प हा चित्राचा दिवा आणि दोघांत सूर्य-चंद्राइतका फरक, असं आपण पूर्वी मानत असू, पण आता दोन्ही कला एकाच बुद्धीतून येतात असं वाटतं, तेव्हा हे वाद सोडून द्यावेत. या वादात 'पारागोने'चा अर्थ तुलना एवढाच आहे, श्रेष्ठत्वाचा निकाल त्यात नाही. दोन गोष्टी शेजारी ठेवून घासून पाहणं हे शब्दाचं मूळ काम तिथे शाबूत आहे.

इंग्रजीत आल्यावरही बराच काळ हा तुलनेचा अर्थ जिवंत होता. शेक्सपिअर त्याचा क्रियापद म्हणूनही वापर करतो. 'अँटनी अँड क्लिओपात्रा'मध्ये दासी चार्मिअन सीझरची स्तुती करते तेव्हा क्लिओपात्रा तिला धमकावते, की माझ्या पुरुषोत्तमाची तुलना पुन्हा सीझरशी केलीस तर दात रक्ताळून टाकीन. तिथे 'तुलना करणं' यासाठी जो शब्द आहे तो 'पॅरागॉन'. 'ऑथेल्लो'मध्ये कॅसिओ डेस्डेमोनाबद्दल बोलताना हेच क्रियापद 'वर्णनाच्याही पलीकडे जाणं' या अर्थी वापरतो. स्पेन्सरच्या काव्यात तर पॅरागॉन म्हणजे जोडीदार, सोबतीण. ज्या शब्दाने आज आपण 'जोड नसलेला' असं सांगतो, त्याचा एके काळी अर्थ 'जोड' असा होता. हा विरोधाभास वाटतो, पण दगडावरच्या दोन रेघा आठवल्या की उलगडतो. तुलना म्हटली की जोडी आली, आणि जोडीतली एक रेघ खात्रीची असते. शब्द शेवटी त्या खात्रीच्या रेघेला चिकटून राहिला.

सगळ्यांत जास्त उद्धृत होणारी ओळ 'हॅम्लेट'च्या दुसऱ्या अंकातली. माणूस ही केवढी थोर निर्मिती, असं म्हणत म्हणत हॅम्लेट त्याला प्राणिमात्रांचा पॅरागॉन म्हणतो. भाषणांत, निबंधांत ही ओळ माणसाच्या गौरवासाठी घेतली जाते, आणि तिथे माझी नेहमी हरकत असते. कारण लगेच पुढे हॅम्लेट म्हणतो, की असं असूनही हे धुळीचं सत्त्व मला कशाला हवं? माणसात मला आनंद वाटत नाही. बाप मेला आहे, चुलता गादीवर आहे, आणि समोरचे दोन जुने मित्र हेर म्हणून आलेले आहेत. त्या ओळीतला पॅरागॉन कसोटीला लावला गेलेला आहे आणि हॅम्लेटच्या मनात तो उतरलेला नाही. अर्धी ओळ उचलली तर शब्दाचं सगळं दुःख मागे राहतं.

धंद्यांच्या भाषेतही शब्द फिरला. जवाहिऱ्यांत शंभर कॅरटांहून मोठ्या निर्दोष हिऱ्याला पॅरागॉन म्हणत. छापखान्यात पॉइंटची मोजणी रूढ होण्याआधी टाइपाच्या आकारांना नावं होती, त्यात साधारण वीस पॉइंटचा मोठा टाइप म्हणजे पॅरागॉन, आणि सहा पॉइंटचा बारीक टाइप म्हणजे 'नॉनपरेल'. आपल्याकडे बहुतेकांना हा शब्द प्रथम भेटला तो कोट्टायमच्या कंपनीच्या रबरी चपलेवर.

या 'नॉनपरेल'कडे वळायला हवं, कारण मानपत्र लिहिणाऱ्याला खरा गोंधळ या शेजारच्या शब्दांचा असतो. नॉनपरेल म्हणजे ज्याच्या बरोबरीचं कुणी नाही. 'पीअरलेस'ही तेच, 'पीअर' म्हणजे बरोबरीचा. मराठीत त्यांना अजोड, बिनतोड, अतुल, अनुपम असे नेमके शब्द आहेत. हे सगळे नकार आहेत: जोड नाही, तुलना नाही, उपमा नाही. पॅरागॉन नकार देत नाही. या माणसाशी तुलना जरूर करा, तुलना करायची तर याच्याशीच करा, असं तो सांगतो. त्यामुळे अजोड माणसाकडे आपण लांबून पाहतो, पण पॅरागॉन म्हटलेल्या माणसाजवळ आपलं वागणं घासून पाहायचं असतं. इंग्रज समीक्षक मॅथ्यू आर्नल्डने 1880मध्ये कवितेची पारख करण्यासाठी हीच रीत सुचवली होती: थोर कवींच्या निवडक ओळी मनात ठेवाव्यात आणि इतर कविता त्यांच्याशी ताडून पाहाव्यात. त्याने त्यांना 'टचस्टोन', म्हणजे कसोटीचे दगडच म्हटलं.

'एपिटमी' हा शब्द मात्र सांभाळून वापरावा. त्याचा मूळ अर्थ सारांश. एखादा गुण किंवा दोष एका माणसात एकवटला असेल तर तो एपिटमी, म्हणून आळसाचीही एपिटमी असू शकते, जसा मराठीत 'मूर्तिमंत आळस' चालतो. आळसाचा पॅरागॉन मात्र सरळ इंग्रजीत होत नाही. कुणी लिहिलाच तर तो टोमणा समजला जाईल.

आता भाषांतर. 'आदर्श' हा पहिला पर्याय आणि तो चांगला आहे. संस्कृतात आदर्श म्हणजे आरसाही, त्यामुळे त्यात पाहून स्वतःला सावरायचं हा भाव मुळातच आहे. पण 'आदर्श शिक्षक', 'आदर्श गाव', 'आदर्श सोसायटी' अशा पाट्यांनी तो झिजला आहे. 'मानदंड' संस्थांना, ग्रंथांना, गायकीला शोभतो; माणसाच्या स्वभावाला जरा ताठ वाटतो. 'वस्तुपाठ' कृतीला छान बसतो. 'नमुना' चुकूनही घेऊ नये. कधी काळी तो नीट शब्द होता, पण आता 'काय नमुना आहे!' या उद्गारापलीकडे ऐकणाऱ्याला काही सुचत नाही.

मला स्वतःला सगळ्यांत जवळची वाटते ती आपली बोलण्यातली वाक्यरचना: 'शिस्त असावी तर बाईंसारखी.' 'सचोटी शिकावी तर त्यांच्याकडून.' यात एकही भारदस्त शब्द नाही आणि तरी पॅरागॉनचं काम पूर्ण होतं, कारण 'असावी तर' म्हणताना आपण त्या व्यक्तीला माप म्हणून पुढे ठेवतो. इंग्रजी मजकुरात पॅरागॉन दिसला की मी आधी ही रचना बसते का ते पाहतो. नसेल बसत, तरच नाम शोधायला जातो.

तुमच्या मानपत्रासाठी काही सूचना. पॅरागॉननंतर 'ऑफ' आणि मग गुण, ही रचना धरा: पेशन्स, इंटेग्रिटी, डिसिप्लिन, काइंडनेस. गुण असा निवडा की जो बाईंच्या वागण्यात शाळेने खरंच पाहिला आहे, आणि पुढच्याच वाक्यात त्याचा एक प्रसंग द्या. घंटा होण्याआधी त्या फाटकाशी उभ्या असत, हे असेल तर तेच लिहा. पुराव्याशिवाय हा शब्द पोकळ वाजतो. एकाच व्यक्तीला चार गुणांचा पॅरागॉन करू नका, एक पुरे. 'पॅरागॉन ऑफ व्हर्च्यू' टाळा. तो वाक्प्रचार चूक नाही, पण इतका वापरला गेला आहे की इंग्रजी वाचणाऱ्याला त्यात कधी कधी थट्टेचा सूर ऐकू येतो, आणि निरोपाच्या समारंभात तो धोका पत्करायचं कारण नाही. 'द बेस्ट पॅरागॉन', 'द मोस्ट पॅरागॉन', 'व्हेरी पॅरागॉन' यांतलं काहीही नको.

मानपत्र वाचून दाखवायचं असेल तर उच्चार: आघात पहिल्या अक्षरावर. ब्रिटिश वळणाने 'पॅरगन', अमेरिकन वळणाने 'पॅरगॉन'. आपला 'पॅरागॉन' ऐकणाऱ्यांना कळतो, त्यामुळे अडचण येणार नाही, मात्र 'रा' लांबवून त्याच्यावर जोर देऊ नये. आणि त्याच कार्यक्रमात मराठी मानपत्रही असेल तर त्यात 'शिस्तीच्या पॅरागॉन' असं काही न करता 'शिस्त असावी तर बाईंसारखी' हे वाक्य तसंच ठेवा.